वळू भावकीचा, नुकसान आमचे

प्रश्न : आम्ही आटपाडी तालुक्यातले. गेली सहा वर्षे दुधाचा व्यवसाय करतो. मुक्तसंचार गोठ्यात अकरा संकरित होल्स्टिन गाई आणि पाच कालवडी आहेत. बांधाला लागूनच माझ्या चुलत दिरांचे रान आहे. त्यांनी शर्यतीच्या हौसेने खिल्लार खोंड घेतला होता. तो आता तीन वर्षांचा भरदार वळू झाला आहे आणि रात्री मोकळाच असतो. दहा दिवसांपूर्वी त्याने आमची तारेची जाळी पाडली. पहाटे साडेपाचला आम्ही धारेला उठलो तेव्हा तो गोठ्यात होता. दहा महिन्यांची एक कालवड त्याच्याखाली उभी राहिलेली यांनी डोळ्यांनी पाहिली. हाकलायला गेले तर त्याने यांना धडक दिली. बरगडी अजून दुखते. एका गाईला त्या पहाटेच्या बरोबर एकवीस दिवस आधी सेक्स्ड सीमेन (बहुधा कालवडच व्हावी म्हणून निवडलेले वीर्य) भरले होते, तिचे काय झाले ते कळत नाही. भाऊजींना सांगितले तर ते म्हणाले, ‘वळू आहे, तो फिरणारच. फुकटात जातिवंत वळू लागला, उलट तुम्हीच मला पैसे द्या.’ धाकटे दीर म्हणतात, रात्रीतून गाडीत घालून लांब सोडून येऊ. कोणी घासात औषध घालायचे सुचवतात. सासरे म्हणतात, भावकीत पोलीस नकोत. मी काय करावे?
— एक वाचक भगिनी

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील काही गोष्टींना मुदत असल्यामुळे हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता त्या मी आपल्याला दूरध्वनीवर कळवल्याच आहेत. तरीही येथे त्या सविस्तर लिहितो, कारण अशीच पहाट आपल्या भागातील आणखी कितीतरी गोठ्यांवर उजाडत असणार आणि पहिल्या पंधरवड्यात काय करायचे हे ठाऊक नसल्यामुळे भांडणात दिवस जातात व उपचाराची वेळ निघून जाते.

सर्वांत आधी आपल्या यजमानांविषयी. पत्रात बरगडीचा उल्लेख एका वाक्यात येऊन जातो आणि कालवडीविषयी मात्र अर्धे पान आहे. आपल्याकडे असेच होते, जनावराला डॉक्टर लगेच येतो आणि माणूस हळद लावून कामाला लागतो. वळूची धडक बसल्यानंतर दहा दिवसांनीही बरगडी दुखत असेल, दीर्घ श्वास घेताना किंवा खोकताना कळ येत असेल, तर छातीचे क्ष-किरण चित्र काढून घ्यायलाच हवे. मोडलेल्या बरगडीने फुप्फुसाला इजा होऊ शकते. कातडी खरचटली असेल तर धनुर्वाताची लस घेतली आहे का, तेही विचारा. रुग्णालयातील केसपेपर जपून ठेवा. त्याचा उपयोग पुढे आणखी एका ठिकाणी होणार आहे.

आता कालवड. दहा महिन्यांची, चांगल्या खुराकावर वाढलेली संकरित कालवड माजावर येऊ शकते, पण माज आला म्हणजे गर्भ पेलण्याची ताकद आली असे नव्हे. संकरित कालवड साधारण अडीचशे किलोच्या पुढे गेल्यावर आणि वयाने सव्वा ते दीड वर्षाची झाल्यावरच भरवावी. आपल्याकडे वजनकाटा नसेल तर टेपने छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेराला घेराने गुणून, त्याला लांबीने गुणून ६६० ने भागले की वजन अंदाजे किलोत मिळते. घेर साठ इंच आणि लांबी पन्नास इंच असेल तर हे उत्तर २७२ किलोच्या आसपास येते. आपली कालवड यापेक्षा बरीच खाली असणार. ती आता गाभण राहिली तर एकोणीस-वीस महिन्यांची असताना विईल. तिची स्वतःची वाढ खुंटेल, कमरेचे हाड पुरेसे रुंद झालेले नसल्यामुळे वासरू अडण्याची भीती राहील आणि पहिल्या वेताचे दूधही मनासारखे मिळणार नाही.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. प्रोस्टाग्लँडिन गटातील इंजेक्शन पशुवैद्यकाने योग्य वेळी दिले तर गर्भ टिकत नाही आणि कालवड बहुधा दोन ते पाच दिवसांत पुन्हा माजावर येते. मात्र वेळेचे भान हवे. माज संपल्यावर पहिल्या पाच दिवसांत दिलेल्या या इंजेक्शनचा उपयोग होत नाही. साधारण दहाव्या दिवसानंतर दिलेले चांगले लागू पडते. त्यापुढेही काही महिने ते काम करते, पण जितका उशीर तितका त्रास अधिक, वार अडकण्याचा संभवही अधिक. म्हणून ‘दोन महिन्यांनी तपासून बघू’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका. इंजेक्शननंतर माज दिसेल तेव्हा तिला बंद खोपटात बांधा, नाहीतर तोच वळू पुन्हा हजर होईल. पुढे महिना-सव्वा महिन्याने ती रिकामी झाल्याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या. आणखी एक सूचना घरातल्या बायकांसाठी मुद्दाम लिहितो : हे औषध कातडीतून अंगात भिनते. गरोदर स्त्रीने आणि दम्याचा त्रास असणाऱ्या कोणीही ती बाटली किंवा सिरिंज हाताळू नये. गोठ्यातील पडलेल्या वस्तू आवरण्याचे काम घरातील सुनाच करतात, म्हणून हे सांगणे मला फार आवश्यक वाटते.

सेक्स्ड सीमेन भरलेल्या गाईची गोष्ट अगदी वेगळी आहे. तिला ‘एकदाच दोघींना देऊन टाका’ म्हणून तेच इंजेक्शन देऊ नका. ती त्या कृत्रिम रेतनानेच गाभण असेल, तर ज्या कालवडीसाठी आपण जास्तीचे पैसे मोजले तीच आपल्या हाताने गमावून बसाल. वळू आला त्या दिवशी रेतनाला बरोबर एकवीस दिवस झाले होते, म्हणजे गाय उलटली असती, रेतनाने गाभण राहिली नसती, तर ती त्याच सुमारास माजावर आली असती. ती रेतनाने गाभण राहिली असेल तर तिने वळूला सहसा जवळ येऊ दिले नसणार, जरी क्वचित एखादी गाभण गायही माज दाखवते. वळू तिच्यावर चढला की नाही हे कोणी पाहिलेले नाही, तेव्हा उत्तर तपासणीतूनच मिळेल आणि येथे तारखांचा आपल्याला मोठा उपयोग आहे. रेतनाच्या तारखेपासून पस्तीस ते चाळीस दिवसांच्या दरम्यान सोनोग्राफी करून घ्या. त्या वेळी वळूची तारीख धरली तर जेमतेम चौदा ते एकोणीस दिवस झालेले असतील आणि इतक्या दिवसांचा गर्भ या तपासणीत ओळखू येत नाही. म्हणून त्या दिवशी ठोके असलेला गर्भ दिसला तर तो रेतनाचाच समजावा. काहीच दिसले नाही तर गाय रिकामी तरी आहे किंवा वळूकडून राहिली आहे. ते कळायला आणखी तीन आठवडे थांबून दुसरी तपासणी करावी लागेल. हाताने तपासण्यासाठी दोन महिने थांबलात तर दोन्ही शक्यता एकमेकींत मिसळतील आणि वासरू कोणाचे, याचा उलगडा गाय विण्याच्या तारखेवरून आणि वासराच्या रंगा-वशिंडावरूनच करावा लागेल.

ती वळूकडून गाभण राहिल्याचे निघाले तर काय करायचे, हा निर्णय सर्वस्वी आपला. पूर्ण वाढ झालेल्या दुभत्या गाईला खिल्लारचे वासरू विण्यात धोका विशेष नसतो. नुकसान आहे ते पैशाचे : रेतमात्रेचा खर्च वाया जातो, होणारी कालवड दुधाला आईच्या पासंगाला पुरत नाही आणि गोऱ्हा झाला तर तो ना धड दुधाच्या धंद्यातला, ना धड शर्यतीतला. गाईचे दूध आता चांगले असेल आणि ती याआधी सहज गाभण राहत आली असेल, तर मी असतो तर रिकामी करून पुन्हा भरवली असती. ती तीन-चार वेळा उलटून मोठ्या मुश्किलीने राहिलेली असेल तर मात्र आहे तो गर्भ वाढू दिला असता.

यापुढचा मुद्दा रोगांचा आहे आणि ‘फुकटात वळू लागला’ या वाक्याला खरे उत्तर तेथेच मिळते. गावभर फिरणारा वळू ज्या ज्या गाईवर जातो तिथले आजार पुढच्या गोठ्यात नेऊ शकतो. कॅम्पिलोबॅक्टर आणि ट्रायकोमोनास हे जंतू वळूच्या अंगावर काहीही लक्षण न दाखवता राहतात आणि गाईंना पसरतात. मग गाई पुन्हा पुन्हा उलटतात, माजाचे दिवस वेडेवाकडे होतात, तीन-चार महिन्यांवर गाभडतात म्हणजे त्यांचा गर्भ पडतो, आणि दोष रेतन करणाऱ्याला दिला जातो. ब्रुसेलोसिस म्हणजे सांसर्गिक गर्भपात, हा त्याहून वाईट, कारण तो माणसालाही होतो : चढ-उतार होणारा ताप, सांधेदुखी, महिनोन्‌महिने न जाणारा थकवा. तो मुख्यतः गाभडलेल्या गाईची वार, स्राव आणि कच्चे दूध यांतून पसरतो. त्यामुळे पुढील काही महिने गोठ्यात कोणतीही गाय गाभडली तर वारेला उघड्या हाताने शिवू नका, ती खोल खड्ड्यात चुन्यासह पुरा, आणि घरात दूध उकळूनच वापरा. गाईंच्या रक्ताची तपासणी घटनेनंतर तीन-चार आठवड्यांनी आणि पुन्हा दोन महिन्यांनी अशी दोनदा करावी, कारण रोग अंगात शिरला तरी रक्तात त्याची खूण उमटायला वेळ लागतो. नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवता येतो. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण शाखा आहे. आपल्या कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचली असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण लसीमुळेही तपासणीत खूण दिसू शकते. ही लस फक्त मादी वासरांना आणि आयुष्यात एकदाच देतात. वळूला ती देत नाहीत, म्हणून त्याची तपासणी हाच एक मार्ग उरतो.

आता कुंपण. वळू त्यांचा, चूक त्यांची, मग खर्च आम्ही का करायचा, हा आपला प्रश्न रास्त आहे. पण माझे मत असे की न्याय कोणाच्याही बाजूने असो, रात्री दोन वाजता वळूला अडवणार ते आपलेच कुंपण. मुक्तसंचार गोठ्याला आपण जी जाळी लावतो ती आतल्या गाई बाहेर जाऊ नयेत एवढ्यासाठी असते. बाहेरून पाचशे किलोंचे जनावर छाती लावून रेटू लागले तर ती वाकतेच. भाऊजींच्या बाजूची जेवढी लांबी असेल तेवढीच आधी मजबूत करा. जाळीच्या बाहेरून वळूच्या छातीच्या उंचीवर आणि त्याच्या दीड-दोन फूट वर असे दोन आडवे लोखंडी पाइप, दर सात-आठ फुटांवर काँक्रीटमध्ये बसवलेले खांब, आणि आत-बाहेर दोन्हीकडून बसणारी कडी असलेले फाटक, एवढे केले तरी बराच फरक पडेल.

पाइपांपेक्षा स्वस्त आणि अनेकदा अधिक परिणामकारक म्हणजे सौर बॅटरीवर चालणारे झटका मशीन. त्याचा झटका क्षणभराचा असतो. जनावराला तो इजा करत नाही, पण लक्षात राहतो. नाकाच्या उंचीवर एक तार आणि गुडघ्याच्या वर एक तार पुरते. मात्र आपल्या माणदेशात एक अडचण हमखास येते, ती म्हणजे जमीन वाळलेली असल्यामुळे अर्थिंग नीट मिळत नाही. वळू तारेला लागतो आणि त्याला काहीच जाणवत नाही, आणि एकदा असे झाले की त्याची भीती कायमची जाते. म्हणून अर्थिंगचे गज खोल ठोका, खड्ड्यात मीठ-कोळसा घाला आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तेथे पाणी सोडा. घरातील विजेची लाइन थेट तारेला जोडण्याचा विचार कोणी बोलून दाखवला तर त्याला त्याच क्षणी थांबवा. अशा तारेला चिकटून आपल्या राज्यात माणसे मेलेली आहेत, त्यांत स्वतःचे कुंपण विसरलेले मालकही आहेत, आणि तार लावणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो.

कुंपणाइतकेच महत्त्व माजाच्या नोंदीला आहे. वळू आपल्या गोठ्यावर रोज येत नाही. कोणीतरी माजावर असते तेव्हाच तो जाळीला भिडतो. प्रत्येक गाईच्या आणि कालवडीच्या माजाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली की एकवीस दिवसांनी कोणती रात्र जोखमीची ते आधीच कळते. त्या रात्री ते जनावर भिंती असलेल्या खोलीत ठेवा. आणि वळू आत आलाच, तर त्याला हाकलू नका. माजावरची गाय हाताशी धरून बाहेर काढता येत असेल तर तिला न्या, तो मागोमाग येतो. नाहीतर फाटक उघडे टाकून, खुराकाची पाटी बाहेर ठेवून, स्वतः कुंपणाच्या पलीकडे थांबा. डोके खाली घालून पुढच्या पायाने माती उकरणे, अंग आडवे करून सबंध देह दाखवणे, फुरफुरणे, ही त्याची ताकीद असते. ती दिसली की पाठ न फिरवता, न पळता, तिरके मागे सरायचे. आपल्या यजमानांनी एकट्याने काठी घेऊन समोरून जाणे हे धाडस होते, पण माज चढलेल्या वळूपुढे त्याचा उपयोग नाही.

आता भाऊजींविषयी. आपले पत्र मी दोनदा वाचले आणि मला असे वाटते की ‘पैसे द्या’ हे त्यांचे उत्तर लोभाचे कमी आणि अभिमानाचे जास्त आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातल्यानंतर माणदेशातल्या कित्येकांनी खोंड विकून टाकले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला, तेव्हा खिल्लारला पुन्हा मोल आले. आपल्या दिरांनी हौसेने घेतलेला खोंड हा त्यांच्या दारातला मान आहे, आणि आपण तक्रार घेऊन गेलात तेव्हा त्यांनी ती त्या मानावरची तक्रार म्हणून ऐकली असावी. म्हणून पुढच्या वेळी बोलणे ‘तुमच्या वळूने आमचे वाटोळे केले’ येथून सुरू होता कामा नये.

त्याआधी एक गोष्ट शोधून काढा : तो वळू रात्री सुटा का असतो? हौशी माणूस एवढे किमती जनावर उगाच मोकळे सोडत नाही. चारा पुरत नाही म्हणून रात्री चरायला सोडतात का? वेसण घातलेली नाही म्हणून त्याला धरायला घरातले घाबरतात का? मुले शिकायला किंवा कामाला बाहेरगावी गेली आणि वैरण-पाणी एकट्या जाऊबाईंच्या अंगावर पडले आहे का? याचे खरे उत्तर भाऊजी देणार नाहीत, जाऊबाई देतील. तेव्हा पहिले बोलणे आपण त्यांच्याशी करा, दोघीच असताना. माझ्या नोकरीच्या काळात मोकाट जनावरांवरून झालेली कितीतरी भांडणे मी जवळून पाहिली. मालक अंगणात तावातावाने बोलत असायचा आणि दाव्याला जनावर का नाही याचे कारण आतल्या चुलीपाशी बसलेल्या बाईला ठाऊक असायचे.

मग सासऱ्यांना बरोबर घेऊन, सकाळच्या दूध संकलनाच्या वेळी चारचौघांत नव्हे, तर संध्याकाळी त्यांच्या घरी जा. आपण काय देऊ शकतो ते आधी ठरवून जा. चाऱ्याची अडचण असेल तर आपल्या कडबाकुट्टीवर त्यांचा कडबा कुटून देण्याची तयारी दाखवा. कुटलेला चारा कमी वाया जातो आणि बांधलेल्या जनावराला पुरतो. वळूच्या रक्ततपासणीचा खर्च आपण उचलू असे सांगा. ही गोष्ट त्यांनाही फायद्याची आहे, कारण खिल्लार गाई घेऊन लोक त्यांच्याकडे येत असतील तर ‘माझा वळू तपासलेला आहे’ असे कागद दाखवून सांगता येण्याला किंमत आहे, आणि एवढा जातिवंत वळू आपल्या होल्स्टिनवर वाया जाण्यापेक्षा खिल्लार गाईंना लागावा असे मलाही मनापासून वाटते. त्याच्या बदल्यात आपण मागायचे ते एवढेच : वळूला वेसण, दिवस मावळल्यावर दोन बाजूंनी दावे किंवा चार भिंतींचा स्वतंत्र वाडा, आणि नसेल तर कानात बारा अंकी बिल्ला. दिवसा रानात सोडायचाच असेल तर गळ्यात लोढणे अडकवावे, म्हणजे त्याला चरता येते पण धावता किंवा कुंपण ओलांडता येत नाही; मात्र ते त्याच्या पायांना जखम करणार नाही एवढ्याच वजनाचे असावे. पैदाशीसाठी वळू ठेवायचा नाही असे ते स्वतः म्हणाले, तर दवाखान्यात भूल देऊन चिमट्याने खच्चीकरण करून घेता येते. घरगुती पद्धतीने बडवणे हा क्रूरपणा आहे, तो कोणी करू नये. खच्चीकरणाचा विषय आपण होऊन मात्र काढू नका. त्या क्षणी बोलणी संपतील.

जे ठरेल ते वहीच्या एका कागदावर लिहून दोघांच्या आणि सासऱ्यांच्या सह्या घ्या. नुकसानभरपाईचा प्रश्न या बैठकीत आला तर इंजेक्शन, सोनोग्राफी, जाळी आणि दवाखान्याच्या पावत्या समोर ठेवून निम्म्याची मागणी करा. गाईच्या पुढच्या वेताचे दूध, कालवडीची वाढ असे अंदाजाचे आकडे काढू नका. ते सिद्ध होत नाहीत आणि त्यांनी मने दुखावतात.

यातून मार्ग निघाला नाही तर गावातील तंटामुक्ती समितीकडे अर्ज द्या. २००७ पासून चालू असलेली ही व्यवस्था नेमकी अशाच वादांसाठी आहे आणि ती पोलीस ठाणे नसल्यामुळे सासऱ्यांचाही तिला विरोध नसावा. त्याच वेळी ग्रामसेवकांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. मोकाट जनावराने दुसऱ्याच्या रानात शिरून नुकसान केले तर ते कोंडवाड्यात घालण्याची आणि मालकाकडून दंड व खावटी वसूल करून मगच सोडण्याची पद्धत इंग्रजी अमदानीतील १८७१ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे आणि ग्रामपंचायतीच्या कायद्यातही कोंडवाड्याची तरतूद आहे. कित्येक गावांत कोंडवाड्याच्या भिंती पडल्या आहेत हे मला माहीत आहे. तरीही लेखी तक्रारीला पंचायतीला उत्तर द्यावे लागते. वळू पुन्हा आला तर त्याला स्वतःच्या गोठ्यात दिवसेंदिवस डांबून ठेवू नका. त्याच दिवशी पोलीस पाटील आणि ग्रामसेवक यांना बोलावून पंचनामा करा, पडलेल्या जाळीचे व वळूच्या कानातील बिल्ल्याचे फोटो घ्या आणि जनावर पंचायतीच्या ताब्यात द्या.

पोलीस हा शेवटचा दरवाजा आहे, पण तो आहे हे भाऊजींना माहीत असावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असताना जो मालक जाणूनबुजून वा निष्काळजीपणाने पुरेशी काळजी घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. यजमानांचा केसपेपर जपून ठेवा असे मी म्हणालो ते यासाठी. तो दाखवून धमकावू नका. सासऱ्यांनी शांतपणे एकदा सांगितले तरी पुरेल.

आणि आता ज्या दोन सूचना आपल्या घरात झाल्या त्यांविषयी मला अगदी स्पष्ट बोलायचे आहे. जनावराला विष घालणे हा त्याच संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, विषाने मरणारा वळू तासन्‌तास तडफडतो, आणि तोच घास आपली गाय, कोणाची शेळी किंवा राखणीचे कुत्रे खाऊ शकते. त्या मुक्या जनावराने निसर्गाने सांगितले तेच केले आहे. त्याला बांधले नाही हा माणसाचा दोष. रात्रीतून गाडीत घालून लांब सोडण्यात तर दुहेरी अनर्थ आहे. दुसऱ्याचे जनावर न विचारता उचलून नेणे ही चोरी ठरते, आणि मार्च २०१५ पासून राज्यात वळू व बैल यांच्याही कत्तलीला बंदी असल्यामुळे रात्री वळू घेऊन जाणारी गाडी वाटेत अडवली गेली तर धाकट्या दिरांना आपण कत्तलीसाठी नेत नव्हतो हे पटवत बसावे लागेल, तेही चोरीच्या जनावरासह. शिवाय तो वळू जेथे सुटेल तेथे कोणाचा तरी गोठा असेलच, आणि तेथेही आपल्यासारखीच एखादी बाई पहाटे धारेला उठेल. हे बोलणे घरात पुन्हा निघाले तर आपण व सासऱ्यांनी ते तेथेच थांबवावे.

कालवडीला इंजेक्शन दिल्याची तारीख, त्यानंतर माज दिसलेला दिवस आणि गाईच्या सोनोग्राफीचा निकाल मला कळवा. गाय रिकामी निघाली तर पुढच्या माजाला लगेच भरवू नका. ब्रुसेलाच्या पहिल्या रक्ततपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत एक माज जाऊ द्या, आणि तोवर भाऊजींच्या बाजूचे पाइप बसवून होतील असे पाहा.